दुसऱ्या गोळीचा रकाना

१३ जानेवारी, सोमवार

आजपासून नवीन प्रोजेक्ट. हरणांचा. रविराजला सांगितलं तर म्हणतो, "नऊ वर्षं हॉस्पिटलच्या आकड्यांत डोकं घातलंस, आता जंगलात घाल." नवरा असं बोलला की मी वल्लरीकडे बघते. ती कानात इअरफोन घालून डच गाणं ऐकत होती. बारा वर्षांच्या मुलीकडून कसली साथ मिळणार.

विषय असा आहे. इथे नेदरलँड्सच्या जंगलात 'रे' नावाचं लहान हरीण असतं, आपल्या भेकराएवढं. ती रस्त्यावर येतात, गाड्यांखाली सापडतात, म्हणून दरवर्षी ठरावीक संख्येत मारायची परवानगी शिकाऱ्यांना मिळते. मारावं की नाही, हा प्रश्न आमच्याकडे नाही. आमच्याकडे एवढंच: पहिली गोळी लागूनही हरीण उभं राहिलं, तर शिकाऱ्याने लगेच दुसरी मारावी की थांबावं? एक गट म्हणतो, मारा, हाल कशाला. दुसरा म्हणतो, घाईची गोळी भलतीकडे लागते; थांबा, ते कुठेतरी जाऊन बसतं आणि शांतपणे मरतं. प्रांताला नियमावली करायची आहे आणि त्यासाठी आकडे हवेत.

युनिव्हर्सिटीतली आमची प्रोजेक्ट प्रमुख मरायके. तिने गेल्या वर्षीचे २१४ फॉर्म दिले, शिकाऱ्यांनी स्वतः भरलेले. त्यातल्या १९८ मध्ये लिहिलंय: एक गोळी, जागीच पडलं. दुसऱ्या गोळीचा रकाना कोराच. इतके गुळगुळीत आकडे मी फक्त खोट्या माहितीत पाहिलेत. तसं म्हटलं तर मरायके हसली. "शिकाऱ्यांना दुसऱ्या गोळीची लाज वाटते. दुसरी लागली म्हणजे पहिली चुकली. म्हणून निरीक्षक पाठवतोय. तुलाही जायचंय, प्रणिता."

१७ जानेवारी, शुक्रवार

प्रशिक्षण झालं. नियम एकच, पण तो चार वेळा सांगितला. शिकाऱ्याने बंदूक खांद्याला लावली की ते जनावर पडेपर्यंत निरीक्षक म्हणजे भिंत. बोलायचं नाही, हात करायचा नाही, मान हलवायची नाही. त्याने विचारलं तरी नाही. नाहीतर निर्णय त्याचा राहत नाही आणि आपली नोंद फुकट जाते.

नाशिकहून आईचा फोन आला. तिला सांगावं की नाही करत सांगितलं. ती म्हणाली, "रोज पंचशील म्हणतेस ना गं?"

"म्हणते की."

"मग पहिलंच काय आहे त्यात?"

"मी मारणार नाहीये, आई. मी नुसती लिहिणार आहे."

"बरं," म्हणाली. आईचं 'बरं' मला चांगलं कळतं.

२५ जानेवारी, शनिवार

माझ्या वाट्याला आलेले शिकारी म्हणजे बेरेंड. वय चौऱ्याहत्तर. नायमेखनच्या पूर्वेला, जर्मनीच्या हद्दीला लागून जंगल आहे, तिथल्या एका गावात एकटेच राहतात. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. इथे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, पण मला ते जमत नाही. मराठीत लिहिताना तर नाहीच.

आयुष्यभर गाडी शिकवायचा धंदा केला त्यांनी. त्या पंचक्रोशीतल्या निम्म्या लोकांना लायसन्स यांच्यामुळे मिळालंय. मी म्हटलं, माझंही लायसन्स आहे पण तीन वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नाही, भीती वाटते. सायकलच बरी. ऐकलं मात्र, खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "आजपासून तू चालवायचं. लायसन्स काय फ्रेम करून लावायला दिलंय?"

जंगलापर्यंत मीच गाडी नेली. ते शेजारी बसून सूचना देत होते, "आता दुसरा. आता सोड. श्वास घे, श्वास." इंजिनाच्या आवाजावरून सांगत होते, रस्त्याकडे बघतही नव्हते. किती सवय असेल!

मचाणावर दोन तास बसलो. काही आलं नाही. त्यांनी विचारलं, "त्या कोपऱ्यातल्या पाटीवर काय नंबर आहे? वाचता येतो?" मी वाचला. "शाबास, निरीक्षकाची नजर चांगली हवी."

२ फेब्रुवारी, रविवार

आज पाहिलं.

सकाळी लख्ख ऊन होतं. मादी मचाणापासून चाळीस पावलांवर आली. पहिली गोळी लागली तेव्हा ती पुढच्या पायांवर खचली आणि पुन्हा उठली. बेरेंडनी लगेच दुसरी मारली. मधलं अंतर तीन सेकंद. दुसरीनंतर दोन सेकंदांत पडली. मी सगळं लिहिलं.

उतरल्यावर ते टोपी काढून तिच्याजवळ मिनिटभर उभे राहिले. मग म्हणाले, "लिही तुझ्या वहीत. पहिली गोळी माझी असते, दुसरी जनावराची. जनावर उभं असेल तर मी दुसरी मारतोच. ज्यांना आपल्या नेमाचा अभिमान जास्त, ते थांबतात."

"पण घाईत चुकली तर?"

"दिसत असेल तर चुकत नाही."

येताना गाडी मीच चालवली. वळणावर पहिल्यांदाच गाडी बंद पडली नाही. घरी येऊन भात लावला, आणि कुकरची शिट्टी झाल्यावर कशी कोण जाणे रडायला लागले. रविराजने येऊन गॅस बंद केला.

८ फेब्रुवारी, शनिवार

धुकं. रिकाम्या हाताने परत. बेरेंड मला शिकवायचंच असा पण करून बसलेत. "ते काय हललं? मादी की पिल्लू? मान कुठे आहे? तू सांग, मी सांगणार नाही." मी दुर्बिणीतून बघून सांगते, ते मान डोलावतात. दोन आठवड्यांत मला नर, मादी, पिल्लू ओळखता यायला लागलं. शिक्षक तो शिक्षकच.

एप्रिलमध्ये पंचाहत्तर पूर्ण होतील. इथे पंचाहत्तरीला गाडीच्या लायसन्ससाठी डॉक्टरची तपासणी करावी लागते. मी म्हटलं, तुम्हाला काय, तुम्ही तर मास्तर. ते म्हणाले, "मास्तरांचीच परीक्षा अवघड असते," आणि कॉफीचा कप ठेवला तो टेबलाच्या कडेवर. पडला. वय झालंय, दुसरं काय.

१५ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी

आज सकाळी जे झालं ते झाल्या क्रमाने लिहिते.

साडेसातला मचाणावर होतो. सूर्य उगवायचा होता, आभाळ राखाडी. सात पंचेचाळीसला एकटी मादी झाडीतून बाहेर आली. मोजणी यंत्रावर अंतर ब्याण्णव मीटर. बेरेंडनी हळूच विचारलं, "मादीच ना? एकटी? आडवी उभी आहे?" मी तिन्हींना हो म्हटलं. अजून बंदूक खांद्याला लागली नव्हती, त्यामुळे नियमात बसत होतं. मग त्यांनी बंदूक उचलली. बराच वेळ घेतला.

गोळी सुटली. मादी पाठ वर करून उडाली, चार पावलं गेली आणि थांबली. उभी. डोकं खाली, पोट आत ओढलेलं. मी घड्याळाचं बटण दाबलं होतं.

बेरेंडनी पुढची गोळी चढवली. नळी थोडी डावीकडे नेली, मग उजवीकडे. मग डोळा दुर्बिणीवरून न काढता विचारलं, "उभी आहे का?"

मी भिंत.

पुन्हा विचारलं, "प्रणिता, उभी आहे का?"

घड्याळात अकरा सेकंद झाले होते. ती अजून उभीच होती. समोर, उघड्यावर. माझ्या तोंडात 'हो' आला होता. मी तो गिळला. चौदाव्या सेकंदाला ती चालत झाडीत गेली. धावली नाही, चालत गेली.

बेरेंडनी बंदूक खाली ठेवली.

अर्ध्या तासाने उतरून बघितलं. ती उभी होती तिथे गवतावर रक्त होतं, गडद, त्यात हिरवट चोथा. बेरेंड गुडघ्यावर बसले, रक्त बोटांवर घेऊन वास घेतला. "पोटात लागली," म्हणाले. पोटात लागली तर हरीण लवकर मरत नाही. लगेच मागे गेलं तर ते उठून आणखी लांब जातं. म्हणून तीन-चार तास थांबायचं आणि मग माग काढणारा कुत्रा आणायचा. जखमी जनावराचा माग काढणारे स्वयंसेवक आहेत इथे. टीनेके नावाच्या बाईंना त्यांनी फोन केला.

थांबायच्या वेळेत मी गाडीत बसून मोबाइलवर फॉर्म भरला. गोळ्या: एक. दुसरी गोळी: नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'जनावर दिसत असतानाही शिकाऱ्याने घाई केली नाही. खात्री करून घेण्यासाठी निरीक्षकाला दोनदा विचारले, "उभी आहे का?" उत्तर न मिळाल्याने संयम पाळून दुसरी गोळी टाळली.' मला वाटलं, हे लिहिलंच पाहिजे. लगेच मारावी असं ज्याचं ठाम मत आहे, तो माणूसही थांबला. थांबण्याच्या बाजूनेही काही म्हणणं असेलच की. फॉर्म पाठवून दिला.

साडेअकराला टीनेके आल्या. कुत्रा म्हणजे लांब कानांची तांबडी कुत्री. नाक जमिनीला लावून तिने माग धरला तो सोडलाच नाही. ओढा, पाइनची झाडं, सायकलचा रस्ता. पाऊण तास चाललो. मग एका दगडापाशी टीनेके थांबल्या आणि दोरी ओढून धरली. कुत्री पुढे जायला तडफडत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"इथे नेदरलँड्स संपतो."

पुढे तेच जंगल, तीच झाडं. दगडाच्या त्या बाजूला वाळक्या पानांवर रक्ताचा थेंब दिसत होता, तीन पावलांवर. परवानगीशिवाय बंदूक घेऊन पलीकडे पाऊल टाकता येत नाही. त्या बाजूच्या जंगलाचं काम बघणाऱ्या माणसाला टीनेकेंनी फोन केला. लागला नाही. निरोप ठेवला. पुन्हा केला. निरोप ठेवला. वीस मिनिटं आम्ही तिघं आणि कुत्री त्या दगडापाशी उभे होतो. मग पाऊस आला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

टीनेकेंचा मेसेज: अजून उत्तर नाही, प्रयत्न चालू आहे. आता अंधारात कोणी जाणार नाही.

बेरेंडना फोन केला. त्यांनी उचलला आणि एवढंच विचारलं, "पाऊस आहे का तिकडे?" आमच्या दोन घरांत बारा किलोमीटर आहेत.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आठला निघाले. रविराज म्हणाला, मी येतो. मी नको म्हटलं. सायकलने गेले, त्या दगडापर्यंत. माझ्याकडे बंदूक नाही. फिरायला जायला कुणाची परवानगी लागते?

पावसाने रक्त धुऊन गेलं होतं. मी नुसती काल कुत्रीचं नाक होतं त्या दिशेने चालत राहिले. जेमतेम तीनशे पावलं. एक पडलेलं झाड होतं, त्याच्या आडोशाला ती बसलेली दिसली. मला वाटलं मेली आहे. मी जवळ गेले आणि तिने मान वर केली.

उठायचा प्रयत्न केला तिने. पुढचे पाय उठले, मागचे उठले नाहीत. पुन्हा केला. मी मागे सरकले, तशी थांबली. पोट फुगलं होतं. तोंड थोडं उघडं. आवाज काही नाही, नुसता श्वास.

टीनेकेंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तिथून हलू नकोस, मी कसंही करून कुणालातरी पाठवते." तेव्हा नऊ पंचवीस झाले होते.

मी काय करू शकत होते? हातातल्या बाटलीत पाणी होतं, ते देऊ शकत नव्हते, जवळ गेले की ती उठायला बघायची. एक दगड दिसला, मोठा. मी तो उचलला. दोन्ही हातांनी उचलला आणि तसाच धरून उभी राहिले, मग खाली ठेवला. आवाज होऊ नये म्हणून हळूच ठेवला. असा विचार माझ्या मनात आला हे मी इथे लिहून ठेवते, कुणाला सांगणार नाही.

मग पंचशील म्हणायला लागले. पहिल्याच ओळीला अडकले. जीव घेण्यापासून मी दूर राहीन. हे वचन मी लहानपणापासून देते आहे, आणि आज अक्षरशः पाळत होते. काल मचाणावरही पाळलंच होतं. एका जनावराला मरायला चोवीस तासांहून जास्त लागतायत आणि माझं शील कुठेही मोडलेलं नाही.

दहा वाजून आठ मिनिटांनी एक जर्मन माणूस आला, चाळिशीतला, दाढी न केलेला, बहुतेक झोपेतूनच उठून आला असावा. मला जर्मन येत नाही. त्याने हाताने मला मागे फिरायची खूण केली. मी फिरले नाही. त्याने खांदे उडवले. पहिली गोळी मारली, तिने मान टाकली, तरी लगेच दुसरी मारली. मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. चांगलंच म्हणाला असावा, आवाज मऊ होता.

सव्वीस तास चोवीस मिनिटं. मी मोजायला गेले नव्हते. आपोआप झालं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसला गेले नाही. वल्लरी शाळेतून आल्यावर खोलीच्या दारात उभी राहून डचमध्ये (इथे आईला 'मामा' म्हणतात) म्हणाली, "मामा, तू बोलली का नाहीस?" रविराजने तिला सांगितलंय वाटतं. "नियम होता," मी म्हटलं. ती म्हणाली, "ओके," आणि गेली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मरायकेने बोलावलं. समोर माझाच फॉर्म उघडलेला.

"हा शेरा तू लिहिलास?"

"हो."

"प्रणिता, त्याने का विचारलं?"

"खात्री करायला."

"ब्याण्णव मीटरवर, उघड्यावर उभं असलेलं हरीण. बंदुकीवर आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण. आणि तो तुला विचारतो, उभी आहे का?"

तिने काही उलगडून सांगितलं नाही, गरजही नव्हती. किल्ली. पाटीवरचा नंबर. मादी की पिल्लू. कप. मी आकड्यांत पॅटर्न शोधायचा पगार घेते.

त्यांना दिसत नव्हतं. ते मला शिकवत नव्हते, माझ्या डोळ्यांनी बघत होते.

मी म्हटलं, शेरा काढून टाकते. ती म्हणाली, पाठवलेला फॉर्म बदलत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शिवाय अभ्यासाच्या देखरेख समितीत दोन शिकारी आहेत, त्यांनी मंगळवारीच वाचलाय आणि परवाना देणाऱ्यांना कळवलंयही. म्हणजे माझ्याआधी दोन अनोळखी माणसांना कळलं. मी कौतुक म्हणून जे लिहिलं, ती तक्रार होती.

"आणि हा प्रसंग अभ्यासातून वगळावा लागेल," मरायके म्हणाली. "त्याने दुसरी गोळी न मारणं हा निर्णय नव्हता. आपण निर्णयांचा अभ्यास करतोय."

"मग त्या मादीचं काय?"

"कशाचं काय?"

"ती कशात मोजायची?"

मरायके दुष्ट नाही. तिने माझ्या हातावर हात ठेवला. "कशातच नाही," म्हणाली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बेरेंडकडे गेले. बसने. दार उघडलं, कॉफी केली. पत्र आलेलं होतं, ते टेबलावर होतं. वाचून दाखव म्हणाले. मी वाचलं. डोळ्यांची तपासणी होईपर्यंत शिकारीचा परवाना स्थगित. कारण म्हणून माझंच वाक्य होतं, जसंच्या तसं, अवतरण चिन्हात.

"चांगलं लिहितेस," ते म्हणाले.

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी सांगितलं, उजव्या डोळ्यात गेल्या उन्हाळ्यापासून मधोमध डाग आहे. कडेचं सगळं दिसतं, ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. डावाही आता तसाच व्हायला लागलाय. जवळचं, उन्हातलं अजून जमतं. कुणाला सांगितलं नव्हतं. रस्त्यावर गाडीने उडवलेलं हरीण पडलं की त्याला गोळी घालून सोडवायला पोलीस यांनाच फोन करत, गेली बावीस वर्षं. या हिवाळ्यात दोनदा फोन आला तेव्हा 'गावाला गेलोय' म्हणून सांगितलं. घरात बसून.

"मग मचाणावर का जायचात?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तू होतीस ना," म्हणाले.

मग मी सांगितलं की मी दोन्ही वेळा ऐकलं होतं. ती उभी होती, अगदी शेवटपर्यंत, आणि मला बोलता आलं असतं.

"मला माहीत आहे ऐकलंस ते. मी तुझ्यापासून एका हातावर बसलो होतो."

"तुम्ही मारली असतीत? मी हो म्हटलं असतं तर?"

ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले. म्हणजे कपाच्या जरा बाजूला. "मारली असती. लागली असती की नाही, माहीत नाही. कदाचित तिसऱ्यांदा विचारलं असतं."

निघताना त्यांनी विचारलं की ती कुठे सापडली. मी सांगितलं, सीमेपासून तीनशे पावलांवर, पडलेल्या झाडापाशी. जिवंत होती हे सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. टीनेकेंनी आधीच सांगितलं असेल का?

१४ मार्च, शुक्रवार

अहवाल गेला. निरीक्षकांनी पाहिलेले एकसष्ट प्रसंग, त्यातला एक वगळून साठ. निष्कर्ष स्वच्छ आहे: जनावर उभं असेल, स्पष्ट दिसत असेल आणि मागे मोकळी जमीन नसून चुकलेली गोळी अडवणारा मातीचा चढ असेल, तर दुसरी गोळी ताबडतोब मारावी. थांबल्याने हाल वाढतात. बेरेंड पहिल्या दिवसापासून जे म्हणत होते तेच. लेखकांच्या नावांत माझं नाव दुसरं आहे.

निरीक्षकांचा नियम बदलावा, असं मी वेगळं टिपण दिलं होतं. पुढच्या टप्प्यात विचार करू, असं उत्तर आलं. पुढच्या टप्प्याला अजून मंजुरी नाही.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या हातून काही झालं नाही ना, मग झालं तर." मी तिला 'बरं' म्हटलं.

२९ मार्च, शनिवार

पोस्टाने कार्ड आलं. बेरेंडच्या पंचाहत्तरीचं आमंत्रण, पुढच्या रविवारी दुपारी दोनला. छापील कार्ड, पण पाकिटावर माझं नाव हाताने लिहिलेलं, अक्षरं एकमेकांवर चढलेली. रविराज म्हणाला, "बोलावलंय म्हणजे राग नाही." इथे आमंत्रणं यादी करून पाठवतात. यादी कधी केली असेल कोण जाणे.

६ एप्रिल, रविवार

गेले. वल्लरीला सोबत नेलं, एकटीने जायचा धीर नव्हता. इथल्या वाढदिवसाची पद्धत ठरलेली आहे. खुर्च्या गोल मांडायच्या, आलेल्याने प्रत्येकाशी हात मिळवून प्रत्येकाचं अभिनंदन करायचं, मग केकचा एक तुकडा घेऊन बसून राहायचं. पंधरा-सोळा माणसं होती. बेरेंडची बहीण सगळ्यांना कॉफी देत होती. भिंतीवरचं बंदुकीचं कपाट नेलेलं होतं, तिथल्या वॉलपेपरचा रंग गडद राहिलाय.

वल्लरी त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि डचमध्ये चुरूचुरू बोलायला लागली. माझ्याशी कधी बोलत नाही इतकं. गाडीत किती गिअर असतात इथपासून. ते हसत होते.

मग नव्या नियमावलीचा विषय निघाला. निघणारच होता, निम्मे शिकारीच होते. एक उंच गृहस्थ म्हणाले, "आता लेखी आलंय. उभी असेल तर मारा. आम्ही चाळीस वर्षं तेच करत होतो, त्याला युनिव्हर्सिटी कशाला हवी होती?" दुसरे म्हणाले, अभ्यास करणाऱ्या बाई इथेच आहेत, त्यांनाच विचारू. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमचं स्वतःचं मत काय? मारावी का दुसरी?"

माझ्या हातात केकची बशी होती.

मी तोंड उघडायच्या आत बेरेंड म्हणाले, "तिला नका विचारू. ती नियम पाळते."

दोघं-तिघं हसले. मी बेरेंडच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला वाचवलं, की सगळ्यांसमोर सांगून टाकलं? ते माझ्या दिशेने हसत होते, पण त्यांची नजर माझ्या खांद्याच्या बाजूला होती, आणि त्यातून मला काहीच कळेना.

चारला निघालो. त्यांनी आग्रहाने स्वतः उठून कोट आणून दिला, धरला, मी हात घातले. "गाडी चालवत राहा," म्हणाले. मी थँक यू म्हटलं. दार लागलं.

बाहेर पायरीवर वल्लरी म्हणाली, "मामा, हा तुझा कोट नाहीये."

मला घालतानाच कळलं होतं. बाह्या लांब होत्या, कॉलरला कुणाच्यातरी अत्तराचा वास. माझा काळा, हा गडद निळा. तशीच दोन मिनिटं उभी राहिले. वल्लरी म्हणाली, "चल ना, परत जाऊ, त्यांना सांगू." मग तिनेच बेल वाजवली.

काचेच्या दारापलीकडे बेरेंड आले. आमच्यामध्ये हातभर अंतर होतं आणि बाहेर चांगला उजेड होता. ते सरळ माझ्याकडे बघत होते.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मी प्रणिता," मी म्हटलं. "अहो, गडबडीत मी दुसऱ्याच कुणाचातरी कोट उचलला."

वल्लरीने माझ्याकडे बघितलं, पण बोलली नाही.